पाऊस, गवत आणि जाळ : सातारा-सांगलीच्या वणव्यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत पूर्वेला शंभर किलोमीटर व्हायच्या आत माण तालुक्यातले दहिवडी लागते, आणि तिथे पाचशे मिलिमीटर झाला तरी वर्ष बरे गेले असे म्हणतात. सांगली जिल्ह्यातही हीच उतरण आहे. पश्चिमेला शिराळा तालुक्यात चांदोलीचे सदाहरित जंगल, पूर्वेला जत-आटपाडीचे उघडे माळ. या साऱ्या पट्ट्यात, ओल्या टोकापासून कोरड्या टोकापर्यंत, दरवर्षी फेब्रुवारी ते मे या काळात वणवे लागतात. दुष्काळ आणि वणवा यांचे नाते समजून घ्यायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. या अभ्यासात पहिले पाऊल टाकणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे : भूगोल किंवा वनस्पतिशास्त्र शिकणारे विद्यार्थी, बीट सांभाळणारे वनरक्षक, गावच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीवर असलेली मंडळी, आणि उन्हाळ्याच्या रात्री समोरच्या डोंगरावर जाळाची रांग पाहून ‘हे का होते’ असा प्रश्न ज्यांना पडला आहे असे सगळेच.

दुष्काळ पडला की वणवे वाढणार, हे इतके उघड वाटते की त्याचा अभ्यास तो काय करायचा, असे कुणी विचारील. जगातल्या बऱ्याच भागांत ते खरेही आहे. भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. मार्को तुर्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दक्षिण युरोपातल्या उन्हाळी आगींचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दुष्काळ जितका तीव्र तितके त्याच उन्हाळ्यात जळालेले क्षेत्र मोठे, असे बहुतेक प्रदेशांत दिसून आले. अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या जंगलांबद्दल अबाट्झोग्लू आणि विल्यम्स यांनी २०१६ मध्ये दाखवले की, १९८४ नंतर जळालेल्या क्षेत्रापैकी जवळजवळ निम्मे मानवी कारणांनी वाढलेल्या तापमानाच्या आणि कोरडेपणाच्या खात्यावर टाकावे लागते. १९९७ च्या एल निन्योमध्ये इंडोनेशियातली दलदलीची जंगले सुकली आणि महिनोन्‌महिने धुमसत राहिली.

पण ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागाकडे वळले की चित्र उलटे होते. तिथला नोंदला गेलेला सर्वांत मोठा वणव्यांचा हंगाम १९७४-७५ चा. सुमारे ११.७ कोटी हेक्टर, म्हणजे त्या खंडाचा जवळपास १५ टक्के भूभाग त्यात जळाला. आणि तो आला होता दुष्काळानंतर नव्हे, तर विलक्षण पावसानंतर. एरवी जिथे दोन झुडपांमध्ये नुसती लाल माती असते तिथे गवत माजले, ते वाळले, आणि आगीला सलग वाट मिळाली. कोरड्या मुलखात आगीला कमी पडते ते इंधन, आणि इंधन पावसानेच येते.

ही दोन्ही चित्रे सातारा आणि सांगली या दोनच जिल्ह्यांत शेजारी शेजारी मांडलेली आहेत. पुढचे सारे लेखन या एका गोष्टीभोवती आहे. दुष्काळ पश्चिमेच्या सह्याद्रीत वणव्याला हात देतो आणि पूर्वेच्या कोरड्या माणदेशात त्याच्या तोंडचा घास काढून घेतो. मधल्या पट्ट्यात तो यांतले काय करील, हे दुष्काळ कधी पडला, किती लांबला आणि त्या गावातल्या माणसांनी त्यावर काय केले, यावर ठरते.

ऑस्ट्रेलियाचे रॉस ब्रॅडस्टॉक यांनी २०१० मध्ये मांडलेली एक चौकट इथे फार उपयोगी पडते. आग मोठी होण्यासाठी चार बटणे एकाच वेळी चालू असावी लागतात, असे ते म्हणतात : जळण्याजोगे पुरेसे काही उगवलेले असणे, ते पेट घेण्याइतके वाळलेले असणे, हवा आगीला साथ देणारी असणे, आणि कुणीतरी किंवा कशाने तरी ठिणगी पडणे. आपल्याकडे ही बटणे कोणत्या स्थितीत असतात ते पाहू. तिसरे बटण मार्च-एप्रिलच्या दुपारी जवळजवळ रोज चालू असते. चौथ्याचे सांगायलाच नको. आपल्या भागात विजेने लागणारी आग क्वचित, कारण वीज येते ती वळवाच्या पावसाला घेऊनच. वणवे माणसांच्या हातून लागतात. राहिली पहिली दोन. माणदेशात वाळण्याचे बटण डिसेंबर-जानेवारीतच चालू होते, पाऊस चांगला झालेला असो वा वाईट. पावसाळ्यानंतर सहा-सात महिने आभाळ कोरडे, तेव्हा गवत वाळायला वेगळ्या दुष्काळाची गरज नाही. तिथला सगळा निर्णय पहिल्या बटणाचा. सह्याद्रीच्या माथ्यावर बरोबर उलट. तिथे जळण्याजोगे नेहमीच भरपूर. प्रश्न एवढाच की, ते वाळते का.

आधी कोरड्या बाजूला जाऊ, कारण तिथे आपली समजूत जास्त चुकते.

शंभू महादेवाची डोंगररांग सह्याद्रीपासून फुटून पूर्वेला शिखर शिंगणापूरकडे जाते. तिच्या उतारांवर आणि खालच्या माळांवर कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते उगवतात. कुसळीचे एक बी हातात घेऊन पाहावे. टोकाला अणकुचीदार सुई, तिच्यावर मागे वळलेले बारीक केस, आणि मागे लांब काळसर शेपूट. या शेपटाला पीळ असतो. हवेत दमटपणा आला की पीळ उलगडतो, हवा कोरडी झाली की पुन्हा आवळतो. पहाटेचे दव आणि दुपारचे ऊन यांच्या फेऱ्यांत हे बी स्वतःला फिरवत फिरवत मातीत रुतवून घेते. मेंढराच्या लोकरीत किंवा धोतरात ते ज्या जोराने घुसते तोच जोर इथे उपयोगी येतो. गवताची आग वरून वेगाने निघून जाते, माती बोटभर खाली फारशी तापत नाही, आणि रुतलेले बी वाचते. वळवाची एक चांगली सर पडली की जळून काळ्या पडलेल्या थोंबांच्या मुळाशी आठवड्याच्या आत हिरवे कोंभ दिसू लागतात. आगीसोबत राहायला ही गवते फार जुन्या काळापासून शिकलेली आहेत. जळलेला प्रत्येक माळ म्हणजे नष्ट झालेले जंगल, असे मानून या अभ्यासात येऊ नये.

हा मुद्दा थोडा लांबवतो, कारण त्यावर आपल्याकडच्या धोरणांचा बराच भार आहे. इंग्रजी अमलापासून सरकारी कागदांवर हे माळ ‘पडीक’ आहेत. ते पूर्वीच्या दाट जंगलाचे अवशेष असून चराईने आणि आगीने त्यांची ही दशा झाली, असे गृहीत धरून तिथे झाडे लावली गेली. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुन्या मराठी ग्रंथांतले, लोककथांतले आणि ओव्यांतले वनस्पतींचे उल्लेख तपासले. शेकडो वर्षांपूर्वीच्या त्या उल्लेखांतही झाडे आहेत ती मुख्यत्वे उघड्या, काटेरी, गवताळ मुलखातली. म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातले हे माळरान किमान त्या काळापासून माळरानच आहे. वणव्याचा अभ्यास करायला मराठी वाचता येणे हे असे एक मोठे भांडवल आहे. गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या दैवतांचा माग घेत म्हसवडपासून खरसुंडीपर्यंतचा हा मुलूख पायाखाली घातला आणि ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. त्यांचे काम धर्माच्या अभ्यासकांनी वाचले. पावसाच्या, गवताच्या आणि कळपांच्या वाटांच्या अभ्यासकांनी ते अजून पुरेसे वाचलेले नाही.

आता या माळावर दुष्काळ आणून ठेवू. जून-जुलैची भुरभुर गेली, आणि जत-आटपाडीकडे ज्यावर सारी भिस्त असते तो सप्टेंबरचा पाऊसही आला नाही. गवत वीतभर वाढून करपले. जे वाढले ते दिवाळीआधीच शेरडामेंढरांनी खाल्ले. बांधावरचे विळ्याने कापून नेले, कडब्याचा भाव चढला, जिल्हाधिकाऱ्यांनी चारा जिल्ह्याबाहेर नेण्यास बंदी घातली. २०१२-१३ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये माणदेशात चारा छावण्या उभ्या राहिल्या. म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने चालवलेल्या छावणीत हजारो जनावरे दावणीला होती. बागायती पट्ट्यातला ऊस आणि उसाचे वाडे गाड्या भरभरून तिकडे जात होते. अशा वर्षी माळावर काडी टाकली तरी ती जाते कुठे? दोन थोंबांच्या मध्ये हातभर उघडी जमीन. जाळ चार पावले चालतो आणि विझतो.

विल्यम बाँड आणि जॉन कीली या अभ्यासकांनी २००५ मध्ये आगीकडे चरणाऱ्या प्राण्यासारखे पाहावे अशी मांडणी केली. आगही वनस्पती खाते, फक्त तिला पचायला जड असे काही नसते. वाळलेले, निकस, काटेरी, सगळे तिला चालते. माणदेशात ही मांडणी पुस्तकातून शिकावी लागत नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’च्या शेवटी दुष्काळ पडतो आणि धनगर जगण्यासाठी वाडी सोडून बाहेर पडतात. जिथे मेंढराला खायला काही उरलेले नाही तिथे आगीलाही काही उरलेले नसते. एकाच ताटातले दोन खाणारे आहेत हे. म्हणून माणदेशातल्या वणव्यांचा अंदाज बांधायचा तर आदल्या पावसाळ्याच्या तुटीबरोबर कळप कुठे होते, हेही विचारावे लागते. फलटणकडचे धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात. ते कधी निघाले, किती मेंढरे घेऊन, परतताना कोणत्या डोंगरावरून आले, ही माहिती पर्जन्यमापकाच्या आकड्याइतकीच महत्त्वाची आहे.

दुष्काळानंतर येणारे पहिले चांगले वर्ष मात्र जपून पाहावे. कळप घटलेले असतात, जनावरे विकून झालेली असतात, आणि पाऊस भरपूर पडतो. खाणारे कमी, गवत मुबलक. पुढच्या मार्चमध्ये जळण्यासारखे जे उभे असते त्यात दुष्काळाचा वाटा असतो, पण तो एक वर्ष उशिरा दिसतो. अशा वेळी त्या वर्षाच्या पावसाचा आणि त्याच वर्षाच्या वणव्यांचा आलेख एकमेकांवर ठेवून ‘संबंध आढळला नाही’ असे लिहून मोकळे होणे फार सोपे असते.

याच पट्ट्यातली एक नवी गोष्ट अभ्यासाला बोलावते आहे. पाणी फाउंडेशनची जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये ज्या तीन तालुक्यांत सुरू झाली त्यांत साताऱ्याचे कोरेगाव होते, आणि पहिला क्रमांक त्याच तालुक्यातल्या वेळू गावाने मिळवला. पुढे माण-खटावची कितीतरी गावे या कामात उतरली. डोंगरावर सलग समतल चर खणले गेले, अनेक गावांनी चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली. पाणी मुरले, गवत वाढले. हे काम मी मनापासून मोलाचे मानतो. पण दुष्काळावरच्या या उपायाने डोंगरावर जे उभे वाळलेले गवत आणले आहे ते आगीचे इंधनही आहे, हे ध्यानात ठेवूनच त्या डोंगरांचे पुढचे नियोजन व्हायला हवे. चराईबंदी केलेल्या डोंगरावर नोव्हेंबरात गवत कापून नेण्याची गावाची शिस्त असेल तर चित्र वेगळे, नसेल तर वेगळे. सांगली जिल्ह्यातले सागरेश्वर अभयारण्य याच दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने उजाड डोंगरांवर माणसांनी वाढवलेले हे जंगल १९८५ मध्ये अभयारण्य झाले. जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचे क्षेत्र, कुंपण घातलेले, आत चितळ-सांबर. कुंपणाच्या आतले आणि बाहेरचे गवत ऑक्टोबरपासून मेपर्यंत मोजत गेले तर चराई, पाऊस आणि इंधन यांचा हिशेब एका हंगामात डोळ्यांसमोर येईल.

पश्चिमेकडे प्रश्नच बदलतो. कोयना आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि कास, कोयना, चांदोली व राधानगरी यांचा सह्याद्री गट २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात गेला. इथे जांभूळ, अंजनी, हिरडा यांची दाट सावली असलेले जंगल आहे, मधून मधून गवताचे उतार आहेत आणि माथ्यावर कातळाचे सडे. एखाद्या चांगल्या वर्षी फेब्रुवारीत त्या सावलीत बसून पालापाचोळ्यात हात घालावा. वरची पाने कुरकुरीत असतात, मुठीत चुरडतात. दोन बोटे खाली गेले की पाने मऊ आणि गार लागतात, एकमेकांना चिकटलेली असतात, त्यांच्यात बुरशीचे पांढरे धागे पसरलेले असतात. त्याखाली काळी ओलसर माती. अशा जमिनीवर आग फार चालत नाही. वरची पाने जाळून धुमसते आणि मरते. पाऊस लवकर आटोपलेल्या वर्षी त्याच जागी त्याच महिन्यात हात घातला तर ओल लागायला बरेच खोल जावे लागते, आणि एप्रिलपर्यंत तीही राहत नाही. पाचोळ्याचा हा खालचा थर वाळला की सदाहरित जंगलाची मुख्य भिंत ढासळली असे समजावे.

इथे एकूण पावसाचा आकडा फसवा ठरतो. महाबळेश्वरला सरासरीच्या सत्तर टक्के पाऊस झाला तरी तो चार हजार मिलिमीटरच्या घरात जातो. कातळ आणि तीव्र उतार यांना एवढे पाणी धरून ठेवता येत नाही. जुलैत पडलेले जास्तीचे हजार मिलिमीटर ऑगस्टपर्यंत कृष्णा-कोयनेतून वाहून गेलेले असते. २२ ते २३ जुलै २०२१ या चोवीस तासांत महाबळेश्वरला जवळपास सहाशे मिलिमीटर पाऊस पडला. पुढच्या एप्रिलमध्ये पाचोळा ओला ठेवायला त्याचा काही उपयोग नव्हता. माझ्या मते पश्चिमेच्या वणव्यांसाठी दोन तारखा सर्वांत बोलक्या आहेत : परतीचा शेवटचा चांगला पाऊस कधी पडला, आणि वळवाची पहिली सर कधी आली. या दोन तारखांमधले अंतर हाच तिथला खरा दुष्काळ. नोव्हेंबरात चांगला पाऊस मिळालेले तुटीचे वर्ष हे सप्टेंबरअखेर कोरडे पडलेल्या भरघोस वर्षापेक्षा जंगलाला सुखाचे जाऊ शकते.

म्हणूनच दुष्काळ मोजण्याची साधने निवडताना काळजी घ्यावी. मॅकी आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दिलेला प्रमाणित पर्जन्य निर्देशांक सोपा आहे आणि सर्वत्र वापरला जातो. पण तो किती महिन्यांचा आणि कोणत्या महिन्याअखेर काढायचा, याचे उत्तर माणसाठी आणि कोयनेसाठी एक असू शकत नाही. माणसाठी जून ते ऑक्टोबरचा घ्यावा, आणि शक्य तर त्याच्या आदल्या वर्षाचाही. कोयनेसाठी ऑक्टोबरपासून पुढचा. तापमानाने होणारे बाष्पीभवन धरणारे निर्देशांक, किंवा कीच आणि बायरम यांनी १९६८ मध्ये अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या जंगलांसाठी बनवलेला वणवा-दुष्काळ निर्देशांक, हे पश्चिमेकडे अधिक जुळण्यासारखे आहेत, कारण ते माती रोज किती वाळत गेली याचा माग ठेवतात. आणि सगळ्यांत आधी हे पक्के करावे की, आपला दुष्काळ आणि आपला वणवा एकाच इंग्रजी वर्षात बसत नाहीत. २०२३ च्या पावसाळ्यातली तूट २०२४ च्या फेब्रुवारी ते मे या महिन्यांशी ताडून पाहायची असते.

सह्याद्रीतल्या आगीची एक सवय फार चिंतेची आहे. दाट जंगल सहसा आतून पेटत नाही. आग गवताच्या उतारावरून येते आणि जंगलाची कड चाटून जाते. कडेची काही झाडे मरतात, ऊन आत शिरते, पुढच्या पावसाळ्यात तिथे गवत येते, कारवी दाटते. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा सामुदायिक फुलते आणि मरते. मग तिच्या वाळलेल्या काठ्यांचे रानच्या रान उभे राहते. पुढच्या कोरड्या वर्षी आग त्या नव्या कडेपर्यंत सहज पोचते आणि तिथून आणखी आत जाते. दुष्काळाची दोन-तीन वर्षे लागोपाठ आली, तर जंगल दरवेळी थोडे थोडे मागे सरते आणि मधल्या चांगल्या वर्षांत ते तेवढे पुढे येऊ शकत नाही. माळावर जी आग खपून जाते तीच इथे घातक आहे, आणि ‘वणवा चांगला की वाईट’ या प्रश्नाला सरसकट उत्तर देणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही.

त्यात माणसांच्या हलण्याचाही भाग आहे. कोयना-चांदोलीच्या जंगलातली अनेक गावे उठली. जिथे नाचणी-वरी पिकत होती, गुरे चरत होती, त्या जुन्या गावठाणांवर आणि पडांवर आता पुरुषभर गवत वाढते. ते गव्याला आणि सांबराला हवेच आहे. पण गुरे गेली, पायवाटा बुजल्या, आणि आग अडवणाऱ्या उघड्या पट्ट्या नाहीशा झाल्या. म्हणून वन विभागाला जाळरेषा काढाव्या लागतात : हंगाम सुरू होण्याआधी गवत कापून किंवा नियंत्रित जाळून उघडे पट्टे तयार ठेवायचे, म्हणजे पुढे आलेली आग तिथे थांबते. उतारावरच्या जाळरेषेवर दिवसभर काम करणारे वनमजूर आणि रात्री पाठीवर ब्लोअर घेऊन किंवा ओल्या फांद्यांनी जाळ झोडपणारे वनरक्षक यांना आगीच्या वर्तनाची जी समज असते ती कोणत्याही विद्यापीठात मिळत नाही. वारा खोऱ्यातून वर चढायला कधी लागतो, कोणत्या घळीत जाळ उडी मारतो, पहाटेचे दव किती वाजता आगीला बसवते, हे त्यांना विचारावे, लिहून घ्यावे आणि छापताना त्यांचे श्रेय त्यांना द्यावे.

आग लावणाऱ्यांबद्दल दोन शब्द. ‘यंदा जाळले की पुढच्या साली गवत चांगले येते’ ही समजूत दोन्ही जिल्ह्यांत सगळीकडे ऐकू येते. तिच्यात तथ्य आहे. जुना वाळलेला थोंब गेल्याने नवा कोंभ मोकळा येतो आणि जनावर तो आवडीने खाते. पण खासगी डोंगरावर लावलेली आग राखीव जंगलाच्या हद्दीचे दगड वाचत नाही. पश्चिमेकडे भात-नाचणीच्या रोपांसाठी राब भाजतात, तिथूनही ठिणगी जाते. बांध पेटवणे, विडी, मध काढणे, शिकार, आणि अलीकडे गडांवर नि सड्यांवर येणाऱ्या पर्यटकांच्या चुली, ही बाकीची कारणे. १९२७ चा भारतीय वन अधिनियम राखीव वनात आग लावणे गुन्हा ठरवतो, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे कलम ३० अभयारण्यात आग लावण्यास मनाई करते. कायदा हवाच. परंतु एकोणिसाव्या शतकात वन खात्याने राबावर निर्बंध आणले तेव्हापासून डोंगरातला शेतकरी आणि खाते यांच्यात जो अविश्वास आहे, तो ठाऊक नसताना गावात प्रश्नावली घेऊन जाणाऱ्याला खरी उत्तरे मिळत नाहीत.

उपग्रहांनी हे शास्त्र एका पिढीत बदलून टाकले. टेरा आणि ॲक्वा या उपग्रहांवरचे मोडिस यंत्र एक किलोमीटरच्या चौकटीत आगीची उष्णता टिपते. त्यानंतरचे व्हीआयआयआरएस ३७५ मीटरच्या चौकटीत. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून त्याच दिवशी संबंधित बीटपर्यंत सूचना पोचते. देशाच्या वनाच्छादनापैकी ३६ टक्क्यांहून अधिक भाग वारंवार आगी लागण्याजोगा आहे, हा या संस्थेचा अंदाज. पण सातारा-सांगलीचे ठिपके नकाशावर पाहणाऱ्याने एक गोष्ट विसरू नये : हा उसाचा मुलूख आहे. कारखान्यांच्या गळीत हंगामात कराड, वाळवा, पलूस या पट्ट्यात तोडणीनंतर पाचट पेटवतात आणि उपग्रहाला त्याचीही उष्णता दिसते. कृष्णाकाठचे ते ठिपके वगळल्याशिवाय वणव्यांची मोजणी सुरूच होत नाही. दुष्काळी वर्षी ऊस कमी, चाऱ्यासाठी तोडलेला जास्त, म्हणून हे ठिपकेही बदलतात, आणि बेसावध अभ्यासक त्यावरून वणवे घटल्याचा निष्कर्ष काढू शकतो. शिवाय गवताची आग दुपारी बारा वाजता लागून एकला संपली, तर दोन फेऱ्यांच्या मध्ये ती निसटून जाते. म्हणून जळालेले काळे क्षेत्र नंतरच्या छायाचित्रांवरून वेगळे मोजावे लागते.

सांगण्यासारखे बरेच राहते. मार्च-एप्रिल हा चंडोल, तितर, लावे यांचा जमिनीवर घरटी करण्याचा काळ असतो, आणि वणव्यांचा त्या घरट्यांवर काय परिणाम होतो, हे तपासण्याचे काम अजून कुणाची तरी वाट पाहते आहे. सड्यांवरची कंदीलपुष्पासारखी कंदांची झाडे उन्हाळाभर जमिनीखाली झोपलेली असतात. त्यांच्यावरून गेलेली आग आणि शेजारच्या झुडपांवरून गेलेली आग यांचे परिणाम वेगळे तपासले पाहिजेत. जुन्या नोंदींसाठी सातारा जिल्ह्याचे १८८५ चे गॅझेटिअर, वन खात्याच्या कार्य आयोजना आणि पुण्याच्या हवामान खात्यातले पावसाचे तक्ते हाताशी आहेत.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी दोन कामे सुचवीन. पहिले, २०१९ आणि २०२० च्या उन्हाळ्यांची तुलना. २०१८ चा पावसाळा हुकला, ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, आणि २०१९ चा उन्हाळा छावण्यांत गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगली शहर महापुरात बुडाले, पाऊस दिवाळीपर्यंत पडत राहिला, आणि २०२० चा मार्च आला तो भरगच्च गवत घेऊन. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात टाळेबंदी लागली. म्हणजे एका वर्षाच्या अंतराने इंधन बदलले, ओल बदलली आणि ठिणगी टाकणारे हातही बदलले. एवढी स्वच्छ जोडी अभ्यासकाला क्वचित मिळते.

दुसरे काम २०२३ चे. तो ऑगस्ट भारतातल्या १९०१ पासूनच्या नोंदींमधला सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. साताऱ्यातून त्या यादीत वाई आणि खंडाळा होते, सांगलीतून शिराळा, कडेगाव, खानापूर आणि मिरज. दुष्काळी म्हणून ज्यांची नावे आपल्या तोंडी असतात ते माण, खटाव, जत, आटपाडी त्या पहिल्या यादीत नव्हते. चांदोलीच्या पायथ्याचे शिराळा आणि महाबळेश्वरच्या पायथ्याचे वाई होते. ओल्या आणि कोरड्या मुलखाच्या मधोमध असलेले हे दोन तालुके, एकाच तालुक्यात भाताची खाचरे आणि उघडे डोंगर दोन्ही. २०२४ च्या फेब्रुवारीपासून वळीव येईपर्यंत तिथे कोणत्या गावाच्या हद्दीत काय जळाले, त्याआधी त्या डोंगरावरचे गवत कुणी कापले होते का, आणि ऑक्टोबरनंतर पाऊस कधी पडला, एवढ्या तीन गोष्टी गाववार गोळा करायला घ्याव्यात. बीटची वणवा नोंदवही, तलाठ्याकडचे पावसाचे आकडे आणि गावातली गुराखी मंडळी, हे तिन्ही एका दिवसाच्या फेरीत भेटू शकतात.